धबधब्याच्या अलीकडे

त्या सहलीची कल्पना शाळेतल्या बाईंची नव्हती. ती माझ्या चुलतबहिणीच्या एका प्रश्नातून निघाली. पुढे आमच्या घरात ज्यांनी ज्यांनी ही हकिगत सांगितली, त्यांनी ती बाईंच्या हौसेपासून सुरू केली. म्हणून ही दुरुस्ती आधी करते.

चुलतबहीण आणि मी एकाच वर्षी जन्मलो, एकाच घरात वाढलो आणि सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत एकाच बाकावर बसलो. तिचे वडील म्हणजे माझे थोरले काका. ते वकील होते. माझे वडील धाकटे, त्यांची नोकरी फिरतीची. त्यामुळे घरात शब्द काकांचा चाले. काका आवाज चढवत नसत. कोर्टात बोलत तसेच घरात मुद्देसूद बोलत, आणि घरात विरुद्ध बाजूने उभे राहणारे कोणी नव्हते. आपण सुधारक आहोत अशी त्यांची समजूत होती, म्हणून आम्हाला शाळेत घातले होते. त्याला एकच अट होती आणि ती त्यांनी आम्ही बिगरीत असतानाच सांगून ठेवली होती: मुलगी शहाणी झाली, न्हाण आले, की शाळा बंद. वाढत्या मुलींनी पाट्या-पुस्तके घेऊन रस्त्याने जावे हे त्यांना पसंत नव्हते.

सहल निघाली तेव्हा चुलतबहिणीला शहाणी होऊन वर्ष होत आले होते. काकांना ते माहीत नव्हते. माहीत होते ते थोरल्या काकूला, म्हणजे तिच्या आईला, आणि नंतर मला.

काकूने हे कसे लपवले ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आमच्याकडे बायका महिन्याचे ते दिवस बाजूला बसत. मागच्या अंगणालगत त्यासाठी एक खोली होती. त्या खोलीत आज कोण आहे हे घरातल्या सर्वांना कळे. पाणक्याला आणि मोलकरणीलाही कळे. मुलीला तिथे बसवले असते तर त्याच सकाळी तिची शाळा सुटली असती. काकूने मुलीच्या जागी स्वतः बसायला सुरुवात केली. मुलीचे दिवस आले की काकू "कावळा शिवला" म्हणून बाजूला होई, म्हणजे मागे वाळत पडणाऱ्या कपड्यांना कारण मिळे. तिचे स्वतःचे दिवस निराळे येत, तेव्हाही ती बसे. दर महिन्याला दोनदा बाजूला बसणारी बाई आजारी असली पाहिजे असे घराने ठरवले. काकांनी वैद्य आणले. वैद्यांनी नाडी पाहून काढा लिहून दिला. तो उकळायला लागला की आम्ही मुले स्वयंपाकघरातून पळ काढत असू, इतका त्याचा उग्र कडू वास. न झालेल्या रोगावरचा तो काढा काकू सकाळ-संध्याकाळ घेत होती. पेला रिकामा झाला की नाही हे काका अधूनमधून स्वतः पाहत. ते काळजीने पाहत, हेही लिहिले पाहिजे.

मुलगी मात्र त्या दिवसांत घरभर वावरत होती. पाणी भरत होती, पाने मांडत होती. काकूच्या मते हे पाप होते. तिला कोणी वेगळे शिकवले नव्हते, आणि शिकवले असते तरी पटले नसते. तिने देवाशी परस्पर एक ठराव केला होता: घरात मुलगी जे शिवेल त्याचे पाप माझ्या माथी, पण तुझ्या उंबऱ्याला ती शिवणार नाही. त्यामुळे मधूनच देवघरातली फुले, चंदन, निरांजन ही चुलतबहिणीची कामे माझ्याकडे येऊ लागली. मी कुरकूर केली, तेव्हा तिने मला माडीवर नेऊन खरे काय ते सांगितले.

"मॅट्रिकपर्यंत," ती म्हणाली. "आई म्हणते, मॅट्रिकपर्यंत ओढू. मग म्हणावं, करा काय करायचं ते."

"तोवर काकू तो काढा पिणार?"

"मी तिला म्हटलं, निदान अर्धा मला दे. तर म्हणाली, तू पुस्तकं पी. काढा माझा मी पिते."

वय दिसू नये म्हणून काकू तिला साडी नेसू देत नसे. वर्गातल्या कितीतरी मुली साडीत आल्या होत्या. ही परकर-पोलक्यातच. परकर आखूड झाला की खाली नव्या कापडाचा पट्टा जोडायचा. तिच्या हिरव्या परकराला निरनिराळ्या रंगांचे इतके पट्टे लागले होते की मुली तिला मधल्या सुट्टीत गाठून विचारायच्या, "काय गं, परकरच वाढतोय का नुसता? तू कधी वाढणार?"

"मी वाढले तर तुमचा पहिला नंबर जाईल," ती म्हणायची. तसा तो गेलेलाच होता.

शास्त्र शिकवणाऱ्या बाई पुण्याहून आल्या होत्या. एकदा त्यांनी सांगितले की आपल्या पायाखालचा हा सगळा काळा खडक कधीकाळी पृथ्वीच्या पोटातून रस होऊन वाहत आला. एक लोट आला, थिजला. पुष्कळ काळाने त्यावर दुसरा आला. घराचा पाया, किल्ल्याची भिंत, पाटा-वरवंटा, सगळा त्याचाच दगड. मुलींनी वहीत लिहून घेतले. चुलतबहिणीने हात वर केला.

"बाई, पण थर दिसतात कुठं? आपल्याकडं सगळं सपाटच आहे."

बाई थांबल्या. हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मग म्हणाल्या, "पाणी जिथं कडा कापतं तिथं दिसतील. धबधब्यापाशी." थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावे तसे, म्हणाल्या, "जाऊ या आपण."

असा तो धबधबा ठरला. बार्शीच्या पुढे, येडशीच्या घाटात. त्या वेळी तो मुलूख निजामाचा होता. आमच्याकडे त्याला मोगलाई म्हणत. सोलापूरच्या मुलींची शाळा वर्ग घेऊन मोगलाईत, डोंगरात, पाणी बघायला निघाली आहे ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. मुली पाण्याखाली उभ्या राहणार, असे कोणी म्हणाले. पुरुषांसमोर, असे दुसऱ्याने जोडले. बाई घरोघर परवानगी मागत हिंडल्या आणि आमच्याकडेही आल्या.

काकांनी त्यांना बैठकीत बसवले, चहा मागवला आणि मग प्रश्न विचारले. आम्ही दोघी दाराआड होतो.

"तिथं देऊळ आहे म्हणतात महादेवाचं."

"हो. वाटेवरच आहे."

"मग सोवळंओवळं कोण बघणार? मुली पाण्याच्या नादानं कुठंही शिरतात. तुमच्या शाळेत शिकून मुलींना ह्यातलं काही उरत नाही, असं गाव बोलतं. मी म्हणत नाही. गाव म्हणतं."

"मी असेन ना त्यांच्याबरोबर," बाई म्हणाल्या. "परत आले की मी स्वतः आपल्याला सांगेन, मुली कशा वागल्या ते. आणि तेच आपण गावाला सांगा."

"सांगेन की. चांगलं असेल तर चांगलं सांगेन."

बाईंनी शब्द दिला आणि पुढे तो पाळला.

श्रावण संपत आला होता. काकूने तारखा पाहिल्या होत्या. मुलीचे दिवस सहलीनंतर यायचे होते. आम्ही आदल्या दिवशी बार्शीला जाऊन एका व्यापाऱ्याच्या रिकाम्या घरात उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतबहिणीने मला न्हाणीच्या दारात ओढले. तिचा चेहरा पाहून मला कळले.

"आजच?"

"आजच."

"मग इथंच थांब. ताप आला म्हण."

"वेडी आहेस का? प्रश्न मी विचारला आणि मीच थांबू? धबधब्याला काय होतंय? धबधबा म्हणजे काही देव नाही."

तिचे म्हणणे बरोबर होते. पाण्याला आणि खडकाला तो ठराव लागू नव्हता. देऊळ बाजूला कुठेतरी असेल आणि ती लांबून जाईल, असे आम्ही दोघी धरून चाललो.

बार्शीहून छोटी गाडी निघते ती चढाला लागली की माणसाच्या चालीने चालते. मुली खिडकीतून झाडांचे शेंडे ओढायला बघत होत्या. येडशीला उतरल्यावर निजामाच्या जकात नाक्यावरच्या शिपायाने आमच्या टोपल्या उघडायला लावल्या. आमच्याबरोबर शाळेचा गडी होता, वयस्क, बार्शीकडचाच. त्याने फडके बाजूला केले.

"ह्यात काय हाय?"

"भाकरी. आन् ह्या डब्यात शेंगाची चटणी. खाता का? लई तिखट हाय, आदीच सांगतो."

"येवड्या पोरी घिऊन कुटं चालला?"

"धबधबा बगाय."

"पानी बगाय सोलापूरहून आलासा? तुमच्याकडं पानी न्हाय व्हय?"

"न्हाय की," गडी म्हणाला. नाक्यावरचा हसला आणि त्याने आम्हाला सोडले.

स्टेशनपासून वाट माळावरून होती. पावसाने गवत गुडघाभर वाढले होते आणि त्यातून काळे दगड डोकी काढून होते. बाई थांबून थांबून दाखवत होत्या. एका ठिकाणी दगडाला चाळणीसारखी भोके होती. बाई म्हणाल्या, "रस थिजताना आत वाफ कोंडली, तिचे हे बुडबुडे. गुऱ्हाळात काकवी निवते तेव्हा वर राहतात ना, तसे." काही भोकांत पांढरे स्फटिक बसले होते. इतर मुली एव्हाना पुढे पळाल्या होत्या. चुलतबहिणीने मुठीएवढा एक दगड निवडला, परकराला पुसला आणि पिशवीत टाकला. मग बाईंना विचारत राहिली: दोन लोटांच्या मधे किती काळ गेला हे कशावरून कळते?

"मधल्या काळात खडकाच्या वरच्या अंगाची माती होते," बाई म्हणाल्या. "मग नवा लोट येतो आणि ती माती भाजून निघते. विटेसारखी. कड्यात काळ्या दोन थरांच्या मधे तांबडा पट्टा दिसतो. तो आज तुला दाखवते."

बाईंना सगळ्या वर्गाला काही दाखवायचे नव्हतेच. त्या तिला दाखवायला निघाल्या होत्या, आणि ते त्या लपवतही नव्हत्या.

माळ एकाएकी संपला आणि खाली दरी दिसली. दगडी पायऱ्या उतरताना पाण्याचा आवाज येऊ लागला. तो आधी वाऱ्यासारखा वाटला. मग एका वळणावर इतका मोठा झाला की बोलणाऱ्याला ओरडावे लागले. पायऱ्या जिथे संपल्या तिथे देवळाची भिंत होती. ती एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत सगळी दरी अडवून बांधलेली होती. तिला एक दरवाजा. धबधबा दरवाजाच्या पलीकडे, देवळाचे अंगण ओलांडून. दुसरी वाट नव्हती. चुलतबहिणीने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मीही पाहिली.

दरवाजात गुरव बसला होता. त्याने रोजचे ते म्हटले.

"पाय धुवा, वहाना हितंच काडा. आन् कुनी अडचनीची असंल तर आत यायाचं न्हाय. मागनं मला बोल नगं."

मुली एकमेकींना ढोसून हसू लागल्या. बाईंनी डोळे वटारले आणि आत चलायची खूण केली. मी चुलतबहिणीच्या कानाशी तोंड नेले.

"कुणाला कळणार आहे?"

"कुणाला नाही."

"मग चल."

ती हलली नाही. "आईनं देवाला एवढं एकच सांगितलंय," ती म्हणाली. "ते एक तरी राहू दे तिचं."

मग तिने बाईंना हाक मारून पाय मुरगळला म्हणून सांगितले. बाई परत आल्या, खाली बसल्या, घोटा दाबून पाहिला. चुलतबहीण कळवळली; पण बाईंनी दुसरा घोटा दाबला तेव्हाही तशीच कळवळली. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले, गुरवाकडे पाहिले, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं. इथंच बस. कुणी विचारलं तर पायच दुखतोय."

ती एका काळ्या दगडावर बसली. मी तिच्याशेजारी बसू लागले तर तिने मला ढकलले.

"तू कशाला? तू जा. पट्टा बघून ये नीट. नुसती पाण्यात खेळत बसू नकोस."

मी गेले. अंगण ओलांडले की कडा समोर येई. पाणी वरून एका धारेत निघत होते, मध्ये एका कंगोऱ्यावर आपटून फुटत होते आणि खाली येईपर्यंत पांढरे धुके होऊन पसरत होते. त्या धुक्यात सगळ्यांचे केस, पापण्या, पोलकी भिजून गेली. पाण्याच्या डाव्या अंगाला कडा उघडा होता. खाली काळा खडक, वर काळा खडक आणि मध्ये तांबडा पट्टा, बाई म्हणाल्या तसाच भाजलेल्या विटेच्या रंगाचा. बाईंनी तो मुलींना दाखवला. मुलींनी पाहिला आणि पुन्हा पाण्याकडे तोंडे केली. बाई मात्र एकदा दरवाजाकडे वळून बघत उभ्या राहिल्या.

बाहेर आलो तेव्हा चुलतबहिणीची दशमी माकडांनी पळवली होती आणि गडी त्या माकडांना शिव्या घालत होता.

"चटनी न्हाय खाल्ली बगा रांडंच्यांनी. तेवडी अक्कल हाय."

ती हसत होती. मला पाहताच म्हणाली, "आहे?"

"आहे."

"केवढा?"

"असेल हातभर."

"खालचा खडक आणि वरचा सारखाच, की वरच्याला भोकं आहेत?"

मला सांगता येईना. ती चिडली. "एवढंच तर बघायचं होतं," ती म्हणाली, आणि संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

रात्रीचा मुक्काम बार्शीला करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सोलापूरला उतरलो. स्टेशनवर मुलींना न्यायला घरची माणसे आली होती. काका टांगा घेऊन आले होते. त्यांना पाहताच बाई पुढे झाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. ज्या माणसाने शंका घेतली त्यालाच द्यायला त्यांच्याकडे उत्तर होते, आणि ते त्याच्याच मुलीने दिलेले होते.

"आपण विचारलं होतंत ना, सोवळंओवळं कोण बघणार म्हणून?" बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "मला बघावंच लागलं नाही. आपल्या मुलीला अडचण होती. तिच्याच प्रश्नावरून निघालेली सहल, धबधबा भिंतीपलीकडं. पण देवळाची पायरी चढली नाही. बाहेर बसून राहिली. असं वळण मी आमच्या पुण्यातसुद्धा पाहिलं नाही."

घरी हे ठाऊक नसेल अशी शंका बाईंना येण्याचे कारण नव्हते. अशी गोष्ट बापाला ठाऊक नसणारे घर असू शकते, हे त्यांना सुचलेच नाही. दुसऱ्या कुणाला सुचले असते असेही मला वाटत नाही.

काकांनी ऐकून घेतले. क्षणभर त्यांनी मुलीच्या परकराकडे, खालच्या पट्ट्यांकडे पाहिले.

"बरं केलंत सांगितलंत," ते म्हणाले आणि बाईंना नमस्कार केला.

 टांग्यात चुलतबहीण पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. घराच्या दारात काकू भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. प्रवासातून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायची रीत होती. काकांनी हात आडवा केला.

"ते राहू दे. मला एक सांग. काढा कुणासाठी होता?"

 काकूने आधी मुलीकडे पाहिले. मुलगी खाली पाहत होती. मग काकू म्हणाली, "तिच्या शाळेसाठी."

काका आत गेले. पगडी खुंटीला लावली, कोट काढला, पाय धुतले. बाहेर येऊन म्हणाले, "उद्यापासून काढा बंद." आणि थोड्या वेळाने, तितक्याच शांतपणे, "शाळाही."

त्या घरात रडारड झाली नाही. चुलतबहिणीने वाद घातला असता तर काकांनी ऐकून घेतला असता आणि मुद्देसूद उत्तर दिले असते. तिला ते माहीत होते. तिला त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत बसवण्यात आले, आणि साडीही पहिल्यांदा तिथेच देण्यात आली.

चार-आठ दिवस ती शाळेत आली नाही म्हणून बाई घरी आल्या. त्या बैठकीत बसल्यावर काकांनी त्यांना सर्व सांगितले, काही न लपवता. बाईंचा हात तोंडाशी गेला.

"मला कल्पना नव्हती हो. मी तर तिचं..."

"तुमच्याबद्दल तक्रार नाही," काका म्हणाले. "उलट आपलं बोलणं झालं होतं त्याप्रमाणं मी चार ठिकाणी सांगितलंय. शाळेत मुलींना वळण चांगलं आहे."

ते खरे होते. त्यांनी सांगितले होते, आणि ज्या घरांनी मुली पाठवायला नकार दिला होता त्यातल्या काहींनी पुढच्या वर्षी त्या पाठवल्या. शाळेच्या वाढीत माझ्या चुलतबहिणीचा हा वाटा कुठे लिहिलेला नाही.

बाई निघाल्या तेव्हा काकूने त्यांना आत बोलावून कुंकू लावले. बाईंनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. काकूने त्यांच्या हातात नारळ ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, बाई. तुम्ही कौतुकच केलंत."

मी तिथे होते. त्या वाक्यात टोमणा होता की नव्हता हे मला आजही ठरवता आलेले नाही. बाई मात्र नंतर कोणत्याही मुलीच्या घरी गेल्या नाहीत. वर्गातही खडकांचा धडा आला की पुस्तकातून वाचून दाखवत.

मुलींच्या लग्नाच्या वयाचा नवा कायदा तेव्हा झाला होता. काका कायद्याचे माणूस. ते मुलीचे वय पूर्ण होईपर्यंत थांबले आणि मग माळशिरसकडच्या एका बागायतदार घरी तिचे लग्न लावून दिले. कालव्याचे पाणी, ऊस, घरचे गुऱ्हाळ. स्थळ चांगले होते. त्याबद्दल कोणाला काही म्हणता आले नाही.

माझे न्हाण उशिरा आले, तिच्या लग्नानंतर. मी पुस्तके बांधून ठेवली. माझ्या आईने काकांना जाऊन सांगितले. तिच्यात लपवायचे धैर्य नव्हते, आणि काढा प्यायचेही. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"हिची चालू राहू दे," ते म्हणाले. "हल्ली मुलांकडचे मॅट्रिक आहे का म्हणून विचारतात."

अट त्यांनी जशी घातली होती तशीच, आवाज न चढवता, मागे घेतली. काकू तेव्हा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी मॅट्रिक झाले, पुढे शिकले, वर्तमानपत्रात लागले आणि जे पाहिले ते तसेच लिहायचे काम आयुष्यभर केले.

पुष्कळ वर्षांनी कालव्याच्या पाण्याच्या वादाची बातमी करायला मी माळशिरसकडे गेले होते. रात्री चुलतबहिणीकडे उतरले. सकाळी तिने माझ्यासाठी न्हाणीत पाणी काढले. तिथे दगडी डोणीच्या काठावर टाच घासायची वजरी ठेवली होती. मी ती उचलली. बाजारात मिळते तशी ती भाजलेल्या मातीची नव्हती. काळा, भोकाभोकांचा दगड होता. एक बाजू घासून सपाट झाली होती, आणि खालच्या बाजूच्या दोन-तीन भोकांत अजून पांढरे स्फटिक चमकत होते. मी ती होती तशी ठेवून दिली.

ती दारात पंचा घेऊन उभी होती. तिने माझा हात पाहिला असावा.

"धबधबा कसा होता गं?" तिने विचारले. "तेव्हा मी तुला थरच विचारत बसले. पाणी विचारलंच नाही."

इतक्या वर्षांत तिने त्या दिवसाचा विषय काढलेला नव्हता. मी बंबाकडे पाहत म्हणाले, "पाणी काही फार नव्हतं. उगीच नाव."

तिने पंचा माझ्या खांद्यावर टाकला.

"खोटं नको बोलूस," ती म्हणाली. "मला आवाज येत होता."